जॉर्डनचा १९८८ चा पुरस्कार: आकडे पुरते वाचा

शिकागो बुल्सच्या मायकेल जॉर्डनला १९८८ साली मिळालेला एनबीएचा सर्वोत्तम बचावपटू पुरस्कार फुगवलेल्या आकड्यांवर उभा आहे, असे हल्ली बिनदिक्कत म्हटले जाते. आरोपाचे मूळ हे: १९८७-८८ च्या हंगामात त्याच्या नावावर २५९ स्टील, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू, लागले. त्यांतले १६५ शिकागोत, घरच्या मैदानावर, आणि बाहेर फक्त ९४. म्हणजे घरच्या गुणलेखकाने हात सैल सोडला आणि पुरस्कार पदरात पडला!

तफावत मोठी आहे, हे आम्ही नाकारत नाही. स्टील आणि ब्लॉकची (अडवलेल्या फेकीची) नोंद गुणलेखकाच्या नजरेवर ठरते आणि त्या काळी घरच्या खेळाडूला झुकते माप मिळत असे. पण निकाल देण्याआधी एक हंगाम मागे जा. १९८६-८७ मध्ये जॉर्डनचे २३६ स्टील आणि १२५ ब्लॉक होते. एकाच हंगामात २०० स्टील आणि १०० ब्लॉक त्याआधी कोणालाच जमले नव्हते. त्याला मिळाले काय? पुरस्कार लेकर्सच्या मायकेल कूपरला गेला. हंगामातल्या उत्तम बचावपटूंचा मानाचा पहिला संघ सोडाच, दुसऱ्या संघातही जॉर्डनला जागा नव्हती. नुसत्या स्टील-ब्लॉकच्या बेरजेवर मते पडत असती, तर त्या वर्षी ती कुठे गेली होती?

१९८८ मध्ये फरक पडला तो संघाच्या बचावात. शिकागो बुल्सनी प्रतिस्पर्ध्यांना सामन्यामागे सरासरी १०१.६ गुण करू दिले, २३ संघांत सर्वांत कमी. जॉर्डनचे सहकारी स्कॉटी पिपेन आणि होरेस ग्रँट तेव्हा पहिल्याच हंगामात होते, बहुतेक वेळा बाकावरून उतरत होते. संघातल्या चार्ल्स ओकलीचे श्रेय ओकलीला द्यावेच लागेल. तरी ४० विजयांवरचा संघ ५० वर गेला. फलकावर चढलेले गुण कोणताही गुणलेखक पुसू शकत नाही.

आता सर्वांत जड पुरावा. सर्वोत्तम बचावपटू पत्रकार आणि समालोचक निवडत. बचावपटूंचा संघ मात्र प्रशिक्षक निवडत, आणि प्रशिक्षकाला स्वतःच्या खेळाडूला मत देता येत नसे. म्हणजे ज्यांच्या संघांचे चेंडू जॉर्डनने पळवले, त्यांनीच त्याला १९८८ च्या पहिल्या संघात बसवले. ते वर्ष धरून एकूण नऊ वेळा बसवले. ही माणसे शिकागोच्या नोंदवहीवर विसंबणारी नव्हती. आपला उंच खेळाडू बास्केटकडे पाठ करून चेंडूला टप्पे देतो, जॉर्डन स्वतःचा माणूस सोडून मागून येतो आणि चेंडू खालून उडवतो, हे त्यांनी बाजूरेषेवरून पाहिले होते.

तरीही घरचे आकडे नकोत? मग वगळा. बाहेरचे ९४ दुप्पट करा: १८८, सामन्यामागे जवळपास २.३. आणि हा बचाव आक्रमणाचा भार वाहूनच: त्याच हंगामात हाच माणूस सामन्यामागे ३५ गुण करून लीगमध्ये पहिला होता.

आरोप करणाऱ्यांना आमची विनंती एवढीच: माप लावायचे तर सर्वांना लावा. त्या काळच्या प्रत्येक खेळाडूचे घरचे आणि बाहेरचे आकडे वेगळे काढा आणि शेजारी शेजारी मांडा. तोवर हा पुरस्कार जॉर्डनचा आहे, आणि योग्य माणसाकडे आहे.