शून्याचे पुजारी आणि उपाशी शेवाळ

मराठीत सगळ्याला एकच शब्द आहे: शेवाळ. विहिरीच्या पायरीवरून पाय घसरवतं ते शेवाळ, पावसाळ्यात गच्चीच्या कठड्यावर चढतं ते शेवाळ, आणि ओहोटीला मालवणच्या खडकांवर उघडं पडणारं, हवेच्या बारीक फुग्यांवर तरंगणारं सरगॅसम, तेही शेवाळच. भाषेनं या सगळ्यांची एकत्र मोट बांधली याबद्दल तक्रार नाही. पण घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांनी, ज्यांना दहा प्रकारच्या पंपांची मॉडेल नंबरासकट नावं पाठ असतात, त्यांनीही तीच मोट बांधून ठेवावी याची मात्र आहे. त्यांच्या लेखी शेवाळ म्हणजे काचेवरून खरवडून काढायची घाण. फार तर टाकीखालच्या कपाटात, सम्पमधल्या अंधाऱ्या कप्प्यात कोंबायची गाळणी. पाहुण्यांना दाखवायची टाकी वर, आणि तिचं मलमूत्र उपसणारं झाड खाली. ही वाटणी आपल्याला इतकी सहज कशी सुचते, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

त्या कप्प्यातलं शेवाळ मरतं. अगदी नियमानं मरतं. आधी पिवळटतं, मग तुकडे पडतात, मग त्याचा चिखल होतो. आणि मालक म्हणतो, ‘आमच्याकडे चीटो टिकतच नाही.’ चीटो म्हणजे कीटोमॉर्फा, हिरव्या नायलॉनच्या घासणीसारखा दिसणारा, मुळं नसलेला, जवळजवळ काहीही सहन करणारा गुंता. तोही टिकत नसेल तर दोष चीटोचा नाही. तो उपाशी मेला आहे.

या छंदात गेली काही वर्षं शून्याची पूजा चालली आहे. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, टेस्ट किटच्या नळीतलं पाणी काचेसारखं स्वच्छ. त्या नळीचा फोटो काढायचा आणि धन्य व्हायचं. त्यासाठी आधी मोठा स्किमर, मग फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे, मग नायट्रेट खाणाऱ्या जिवाणूंना कार्बनचा खुराक. एवढं सगळं झाल्यावर उरलासुरला कण टिपायला शेवाळ आणायचं. घरातलं धान्य उंदरासकट बाहेर फेकून द्यायचं आणि मग मांजर का वाळलं म्हणून डॉक्टर गाठायचा, असा हा प्रकार.

शून्यवाद्यांचा युक्तिवाद मला माहीत आहे: प्रवाळ बेटांभोवतीच्या पाण्यात तरी कुठे फार पोषणद्रव्यं असतात? खरं आहे, नसतात. पण तिथे समुद्र वाहत असतो. अतिशय पातळ आमटी, पण रात्रंदिवस पानावरून वाहणारी. प्रत्येक लाटेबरोबर नवं पाणी. तुमच्या दोनशे लिटरच्या टाकीत तेच पाणी फिरून फिरून येतं. समुद्रातलं ‘कमी’ आणि बादलीतलं ‘शून्य’ यांत नदी आणि डबकं यांच्याइतका फरक आहे. फॉस्फेट फार चढलं की कठीण प्रवाळांची बांधणी मंदावते, हेही खरं. म्हणून ते चढू देऊ नये. पण चढू न देणं म्हणजे नाहीसं करणं नव्हे. लिटरमागे पाच ते दहा मिलिग्रॅम नायट्रेट आणि ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम फॉस्फेट असलेल्या पाण्यात शेवाळही जगतं आणि मासेही. एवढ्यावर ज्याला पाणी घाण वाटतं त्यानं समुद्राचा नाद सोडून काचेच्या वस्तू जमवाव्यात.

आपल्याकडचा साधा शेतकरी हे एका नजरेत ओळखेल. पीक फिकं पडलं तर नत्र कमी, नवी पालवी पिवळी पडली तर लोहाकडे बघा. समुद्रातल्या झाडोऱ्यालाही नत्र, स्फुरद आणि लोहच लागतं. फक्त प्रमाण निराळं. समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांमध्ये नत्राचे सोळा अणू असतील तर स्फुरदाचा एक, हे रेडफील्डचं गुणोत्तर छंदातल्या पुष्कळांना पाठ असतं. १९८३ साली अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ यांनी समुद्रतळाशी वाढणाऱ्या वनस्पतींसाठी काढलेला आकडा मात्र फारसा कुणी सांगत नाही: स्फुरदाच्या एका अणूमागे नत्राचे तीस, कार्बनचे साडेपाचशे. म्हणजे मोठं शेवाळ नत्राचं जास्त भुकेलं. टाकीत आपण घालतो ते माशांचं खाणं, त्यातून स्फुरद येत राहतं. नत्र आधी संपतं आणि शेवाळाची वाढ तिथेच थांबते. पाण्यात स्फुरद पडून राहिलेलं दिसतं, तेव्हा निष्कर्ष निघतो की शेवाळ काही फॉस्फेट खेचत नाही. मग लोहाच्या दाण्यांचा आणखी एक डबा विकत येतो. खरं तर तिथे थोडं नायट्रेट घालायला हवं होतं. पण छंदाचा सगळा बाजार पाण्यातून काहीतरी काढून टाकण्याच्या यंत्रांवर उभा आहे; पाण्यात चिमूटभर खत घाला, या सल्ल्यात कुणाचा काय फायदा?

लोहाचीही तीच गत. समुद्राच्या अल्कधर्मी पाण्यात सुटं लोह फार वेळ विरघळलेलं राहत नाही, म्हणून महिन्यातून एकदा भरपूर ओतून उपयोग नाही. कीलेट केलेलं, थोडं थोडं, वरचेवर द्यावं लागतं. आणि पाणी हलतं हवं. शेवाळाला खरी मुळं नसतात, ते सगळ्या अंगानं जेवतं. पाणी साचलं की अंगाला चिकटून असलेल्या पातळ थरातलं अन्न संपतं आणि भरल्या ताटासमोर उपवास घडतो. चीटोचा गोळा सावकाश गडगडत राहील असा प्रवाह हवा. गोळा पडून राहिला की वरची बाजू हिरवी आणि आतला भाग कुजका. उजेड, क्षारता, बाष्पीभवनाच्या जागी गोडं आर.ओ. पाणी, आणि मुंबईच्या मे महिन्यात तीस अंशांपुढे चढणारी टाकी, हे सगळं या छंदातल्या लोकांना येतं. अन्न आणि प्रवाह एवढंच येत नाही, कारण शेवाळाला जेवायला घालायचं असतं हेच मुळात मान्य नाही.

ही टाकी जन्माला कशी आली ते बघा. १८४६ साली अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून रोज अर्धा-पाऊण तास ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे. पुढे बाईंनी टाकीत समुद्री शेवाळ लावलं आणि प्राणवायूचं काम त्याच्याकडे गेलं. फिलिप हेन्री गॉसचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ आलं १८५४ साली. त्या पिढीची सगळी कल्पनाच झाड आणि जनावर एकमेकांना जगवतात या हिशेबावर उभी होती. म्हणजे घरातल्या समुद्राचा पाया शेवाळानं घातला. नंतर पंप आले, स्किमर आले, आणि पाया कपाटात गेला. १९८०च्या सुमाराला स्मिथसोनियनच्या वॉल्टर एडीनं शेवाळाच्या गालिच्यांवर अख्ख्या प्रवाळ-टाक्या चालवून दाखवल्या, तरी जग स्किमरकडेच गेलं.

आपल्याकडे तर या प्रश्नाला आणखी एक धार आहे. परदेशी व्हिडिओ बघून जी रंगीत प्रवाळ-टाकी हवीशी वाटते तिच्यातले कठीण प्रवाळ भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रपंखे त्याच यादीत, समुद्रघोडेही तिथेच. तरी बाजारात काय काय मिळतं हे या छंदातल्या कुणाला सांगायला नको, आणि ‘आपण एकट्यानं घेतलं नाही तर काय फरक पडतो’ हे वाक्यही ओळखीचं आहे. ज्याला समुद्र खरोखर आवडतो त्याच्यापुढे एक सरळ वाट आहे: शेवाळाला वरच्या टाकीत, उजेडात आणा. तांबडी ग्रॅसिलेरिया, जिच्या भाऊबंदांपासून आपल्या फ्रीजमधल्या पुडिंगातलं चायना ग्रास बनतं. नाण्यांची माळ ओवल्यासारखी हॅलिमेडा, जी अंगात चुना साठवते, म्हणून तिला कॅल्शियम आणि क्षारीयता पुरवावी लागते. रात्री ती आपली हरितकं आत ओढून घेते आणि फिकी दिसते, पहाटे पुन्हा हिरवी. काही रंगीत प्लास्टिकची प्रवाळं लावण्यापेक्षा हे बघत बसणं कितीतरी बरं. क्लाउनफिश या बागेला त्रास देत नाहीत. टँग आणि रॅबिटफिश मात्र चार दिवसांत ती चरून टाकतील. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांचा तो धर्मच आहे.

एका शेवाळाबद्दल मात्र मी दुकानदारांशी भांडत आलो आहे. कॉलर्पा. बिनानावाच्या पिशवीत, ‘डेकोरेशन प्लांट’ म्हणून ती मला विकायला काढली गेली आहे. ती काय आहे हे विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘हिरवं आहे साहेब, छान वाढतं.’ वाढतंच. हातभर पसरलेली कॉलर्पा म्हणजे असंख्य केंद्रकं असलेली एकच पेशी. तिच्या मनात आलं की आतलं सगळं जीवद्रव्य प्रजननपेशी होऊन पाण्यात सुटतं. टाकी दुधाळ होते, मागे पांढरं पारदर्शक कात टाकल्यासारखं कवच उरतं, आणि प्राणवायू घटला की मासे वर येऊन तोंडं उघडतात. नियमित छाटणी हा त्यावरचा शहाणपणाचा उपाय. पण छाटलेलं टाकायचं कुठे? बहुतेकांचं उत्तर मोरी किंवा संडास.

१९८४ साली मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयाच्या खाली, भूमध्य समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा एक लहानसा पट्टा सापडला. मत्स्यालयांत वाढवलेला, थंडी सोसणारा वाण. वेळीच कुणी उपटला नाही. पुढे तो हजारो हेक्टरांवर पसरला, स्थानिक समुद्रगवताची कुरणं झाकत. २००० साली तोच वाण कॅलिफोर्नियात दोन ठिकाणी निघाला. ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडून तो मारला, २००६ मध्ये नायनाट झाल्याचं जाहीर केलं, खर्च सत्तर लाख डॉलरांच्या पुढे. आपल्याकडेही, टाकीतून नाही पण शेतीसाठी आणलेल्या कॅपाफायकसचं, मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटाच्या प्रवाळांवर चढणं २००८ पासून नोंदलेलं आहे.

तेव्हा उत्साहानं सांगितलेल्या वरच्या सगळ्याला ही अट जोडूनच वाचा. छाटलेलं शेवाळ, आणि ते धुतलेलं पाणीसुद्धा, मोरीत, नाल्यात, खाडीत जाता कामा नये. कॉलर्पाचा नखाएवढा तुकडा पुरतो. ते गच्चीवर कडक उन्हात पापडासारखं कुरकुरीत होईपर्यंत वाळवा, किंवा दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग ओल्या कचऱ्यात टाका. कुंडीत घालायचं असेल तर वाळवून झाल्यावर गोड्या पाण्यात मीठ निघेपर्यंत धुवा, नाहीतर तुळस जळेल. दुकानदाराला पिशवीवर नाव लिहायला लावा. तो नाही लिहीत म्हणाला तर ती पिशवी त्याच्याच काउंटरवर ठेवून या.