मोल कशाचे, दाम कोणाला?

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर खराडीपासून रांजणगावपर्यंत पन्नास किलोमीटरांचेही अंतर नाही. खराडीच्या काचेच्या इमारतींत संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे तरुण बसतात. पुढे सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव येथील कारखान्यांत फिटर, वेल्डर, टर्नर, इलेक्ट्रिशियन उभे असतात. या दोन कामांची तुलना शिरूर आणि दौंड तालुक्यांतील घराघरांत चालते, आणि तिचा निकाल चर्चेआधीच लागलेला असतो. संगणकवाला बुद्धीचे खातो, फिटर हाताचे खातो, तेव्हा पहिल्याला जास्त मिळणारच! या समजुतीपायी चार-पाच एकरांचा शेतकरी कर्ज काढून मुलाला खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात धाडतो. आयटीआयला गेलेल्या मुलाचे लग्न जमवताना त्याचा व्यवसाय हलक्या आवाजात सांगितला जातो.

ही समजूत तपासून पाहण्यासाठी मार्क्सकडे जाण्याचीही गरज नाही. भांडवलशाहीचे पितामह म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्या ॲडम स्मिथनेच १७७६ साली वेतनातील फरकाची पाच कारणे सांगितली. काम सुखाचे की कष्टाचे, शिकण्यास किती खर्च येतो, काम बारमाही आहे की नाही, अंगावर विश्वासाची जबाबदारी किती, आणि त्या धंद्यात यश मिळण्याची शक्यता किती. यांतील तिसरे कारण आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. वीटकाम करणारा गवंडी हिवाळ्यात रिकामा बसतो. म्हणून काम असते तेव्हा त्याला अधिक मजुरी मिळाली पाहिजे, रिकाम्या दिवसांची आणि त्या दिवसांतील चिंतेचीही भरपाई झाली पाहिजे, असे स्मिथचे म्हणणे. पाश्चात्त्य देशांत कंत्राटी संगणक-तज्ज्ञ कायम नोकरापेक्षा अधिक दर मागतो, तो याच न्यायाने. आपल्याकडे मात्र हा न्याय उलटा झाला आहे. ज्याची नोकरी अस्थिर, त्याचाच पगार कमी. रांजणगावात एकाच यंत्राच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या कायम आणि कंत्राटी कामगारांच्या पगारपत्रकांकडे पाहिले तर स्मिथचा सिद्धांत कोणत्या देशासाठी लिहिला होता, असा प्रश्न पडावा.

आता आकडे पाहू. केंद्र सरकारच्या अखत्यारीतील बांधकामादी कामांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या किमान वेतनात 'अ' वर्गाच्या क्षेत्रात कुशल कामगाराचा दर महिना २४,८०४ रुपये होता, अकुशलाचा २०,३५८. वर्षाचा हिशेब केला तर कुशल कामगाराचे तीन लाखांना थोडे कमी होतात. लहान गावांच्या वर्गात तो दर आणखी खाली, आणि हातात पडणारी रक्कम कित्येकदा त्याहूनही खाली, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. दुसरीकडे, संगणकसेवेच्या मोठ्या कंपन्यांत नवख्या अभियंत्याला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात, आणि हा आकडा गेली दहा-बारा वर्षे जवळजवळ तेथेच खिळून आहे. चार वर्षांचे शिक्षण आणि डोक्यावरचे कर्ज जमेस धरले तर आरंभाच्या पगारातील अंतर वाटते तितके मोठे नाही.

अंतर पडते ते पुढे. दहा वर्षांनी संगणकवाल्याचा पगार कित्येक पटींनी वाढलेला असतो. कंत्राटी फिटरचा कंत्राटदार बदललेला असतो. नव्या कंत्राटदाराच्या हजेरीपटावर त्याची सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. दहा वर्षांत त्याच्या हाताने जे कमावले, ते कोणत्याही वहीत नोंदलेले नसते. वस्तुतः हा बुद्धी आणि हात यांच्यातील फरक नव्हे, शिडी असण्या-नसण्याचा फरक आहे.

हाताच्या कामात बुद्धी नसते, हे तर केवळ अज्ञान. दौंड तालुक्याच्या बागायती पट्ट्यात ऐन एप्रिलमध्ये विहिरीवरची मोटार जळते तेव्हा वाइंडिंग करणारा कारागीर जळालेली तार उसकटतो, वेढे मोजतो, तारेची जाडी ठरवतो आणि आवाजावरून दोष सांगतो. त्याला दोन दिवस उशीर झाला तर उभा ऊस माना टाकतो. केडगाव परिसरातील गुऱ्हाळावर काहिलीतला रस नेमका केव्हा उतरवायचा, हे गुळव्या डोळ्यांनी आणि बोटांनी ठरवतो. क्षणभर चूक झाली तर कढई वाया. या ज्ञानाला पदवी नाही, म्हणून प्रतिष्ठा नाही. आणि प्रतिष्ठा का नाही, याचे उत्तर बाजारात शोधून मिळणार नाही. लोहार, सुतार, चांभार यांना बलुत्याच्या पेंढ्यांवर ठेवणाऱ्या व्यवस्थेत ते सापडते. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते.

तथापि संगणकवाल्याला शत्रू समजणे ही मोठी चूक ठरेल. त्यांच्यातही मोठा वर्ग आज दुसऱ्याच कंपनीच्या हजेरीपटावर असतो. काम एकाच्या कचेरीत, पगार दुसऱ्याकडून, मध्ये कधी तिसराही. परदेशी ग्राहक तासाला किती डॉलर मोजतो, हे काम करणाऱ्याला कळत नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा गळ्यातली ओळखपत्रे किती तकलादू असतात हे खराडी-हिंजवडीतही उमगले.

दौंड हे रेल्वेचे गाव. मे १९७४ च्या संपात रेल्वे कामगारांची एक प्रमुख मागणी सार्वजनिक उद्योगांतील कामगारांच्या बरोबरीच्या वेतनाची होती. आज त्याच रेल्वेतही अनेक कामे कंत्राटाने दिली जातात. समान कामाला समान वेतन हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये पंजाबातील हंगामी सरकारी कर्मचाऱ्यांना लागू केले. खासगी कारखान्याच्या फाटकापर्यंत ते पोचलेले नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा वीस कामगारांपासून लागू होई. नव्या संहितेत ती मर्यादा पन्नास झाली. मुख्य उत्पादनाच्या कामात कंत्राटी कामगार नकोत, असे संहिता म्हणते खरी, पण ते काम त्या धंद्यात सामान्यतः कंत्राटदारामार्फतच होत असेल तर चालेल, अशी सवलतही देते. म्हणजे जो गैरप्रकार पुरेसा रुळला, तो नियमात बसला!

डॉ. लोहियांनी किमान आणि कमाल उत्पन्नात एकास दहाचे प्रमाण मागितले होते. तेथवर जाण्यास अवकाश आहे. पण एक मागणी आजच करता येईल, आणि ती रांजणगावच्या फिटरला, कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यातील ऑपरेटरला आणि खराडीच्या कंत्राटी अभियंत्याला सारखीच लागू पडते. मूळ मालक एका माणसामागे मध्यस्थाला किती रक्कम देतो, तो आकडा माणसाच्या पगारपत्रकावरच, त्याच्या पगाराच्या शेजारी छापला गेला पाहिजे. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील आपल्या कार्यकर्त्यांनी येत्या महिन्यापासून फाटकसभांत हा प्रश्न मांडावा, आणि सभेची पत्रके खराडीच्या बसथांब्यावरही वाटावीत.