स्वच्छ विजेसाठी पुन्हा आमचंच जंगल?

जलविद्युत म्हणजे स्वच्छ वीज, हे आपल्याला शाळेपासून शिकवलंय. धूर नाही, राख नाही. २,९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राशेजारी राहणाऱ्या चंद्रपूरकराला ते लगेच पटतं. कोळसा मलाही नकोय. पण त्याला पर्याय म्हणून कुणी इंद्रावती-गोदावरीवर मोठं धरण सुचवत असेल, तर माझा त्याला विरोध आहे.

ही कल्पना नवी नाही. इचंपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांना १९८०च्या दशकात इथल्या आदिवासींनी 'जंगल बचाव, मानव बचाव' म्हणत रोखलं. लाल श्यामशाह, बाबा आमटे सोबत होते. त्याच जागृतीतून पुढे मेंढा (लेखा)ची ग्रामसभा उभी राहिली आणि २००९ मध्ये तिला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आता गोदावरी-कावेरी जोडप्रकल्पाच्या निमित्ताने इचंपल्लीचं नाव पुन्हा कागदावर आलंय.

तेव्हाचा विरोध विस्थापनाला होता. आज आणखी एक कारण आहे: ज्या पावसाच्या भरवशावर धरणाचं गणित मांडतात, तो पाऊसच बदललाय. हवा एक अंश तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. म्हणून पाऊस पडतो तेव्हा कोसळतो, आणि मधले दिवस कोरडे जातात. टर्बाइनला पाणी लागतं ते बेताचं आणि सलग. पूर आला की दरवाजे उघडावे लागतात. ते पाणी वीज न देताच जातं आणि खालच्या गावांत शिरतं. ऑगस्ट २०२० मध्ये गोसीखुर्दचे दरवाजे उघडले, तेव्हा वैनगंगाकाठाने हे भोगलंय. उलट विजेची मागणी वाढते ती उन्हाळ्यात, पाणी तळाला गेल्यावर. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटलं, तर औष्णिक केंद्राचेसुद्धा संच बंद ठेवावे लागले होते.

हिमालयात तर धरणच टिकलं नाही. ४ ऑक्टोबर २०२३ ला सिक्कीममध्ये हिमनदीचं सरोवर फुटलं आणि तिस्तेवरच्या १,२०० मेगावॅटच्या प्रकल्पाचं धरण वाहून गेलं. आपल्याकडे हिमनद्या नाहीत. पण जुन्या आकड्यांवर नवी धरणं बांधायची सवय तीच आहे.

कुणी म्हणेल, सौरऊर्जा रात्री नसते, साठवण तर हवीच. मान्य. मग आहेत त्या जलाशयांचा वापर करा. घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प चालतोच आहे. त्यासाठी नवं जंगल बुडवायची गरज नाही. पावसाचं पाणी मुरवणारं, कार्बन धरून ठेवणारं जंगल बुडवून हवामान वाचवायचं, हा कसला हिशोब?

माझी मागणी साधी आहे. बदललेल्या पावसाचे आकडे धरून वीज किती मिळेल ते सांगा. माडिया-गोंडीत सांगा. आणि ग्रामसभा नाही म्हणाली, तर ते नाहीच समजा.