गुडघा बदलला, मग क्रँक का नाही?
दोन चाकं । सायकलवाली

‘काकू, आधी उलटं फिरवा. उलटं जमलं की सुलटं जमेल,’ फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली. तिचं वय असेल सव्वीस. माझं त्रेसष्ट, त्यातली पन्नासहून अधिक वर्षं सायकलवर गेलेली. तरी मी मुकाट ऐकलं, कारण व्यायामाच्या त्या जागच्या जागी उभ्या सायकलवर डावं पायडल वर येता येता अडत होतं. शस्त्रक्रियेला तीन आठवडे झाले होते. पायडल वरच्या टोकाच्या अलीकडे आलं की गुडघ्यात कुणी पाचर ठोकल्यासारखं व्हायचं आणि मी ते परत खाली न्यायची. पुढे, मागे. पुढे, मागे.

आठव्या वर्षी मी सायकल शिकले ती अशीच. तासावर भाड्याने मिळणारी पुरुषांची काळी सायकल, सीटवरून पाय पुरायचे नाहीत, मग नळीखालून पाय घालून हाफ पायडल. फेरा पूर्ण करायची छाती होत नसे. आता छाती होती, गुडघा तयार नव्हता. चार दिवसांनी उलटा फेरा पुरा झाला आणि सातव्या दिवशी सुलटा. मी अशी ओरडले की शेजारी खांद्याचा व्यायाम करणाऱ्या गृहस्थांच्या हातून दोरी सुटली.

या सदरात मी आजवर किलोमीटर पुष्कळ मोजले. गेले चौदा महिने अंश मोजते आहे. पाय पूर्ण सरळ म्हणजे शून्य, काटकोनात वाकला की नव्वद. नेहमीच्या सायकलवर पायडल सर्वांत वर असताना गुडघा साधारण एकशे दहा अंश वाकावा लागतो, माझ्यासारख्या पाच फूट एक इंचवालीला त्याहून थोडा जास्त. कृत्रिम गुडघा बहुतेकांना एकशे दहा ते एकशे पंचवीसपर्यंत नेतो. म्हणजे सायकलवाला अगदी काठावर उभा असतो. सहाव्या आठवड्यात माझा आकडा होता एकशे आठ. परीक्षेत दोन गुणांनी नापास झाल्याचं दुःख मला साठीनंतर पुन्हा कळलं.

आपल्याकडे गुडघ्याचा हिशेब मांडीवर होतो. मांडी घालून बसता येईल का, पूजेला पाटावर बसता येईल का, भारतीय शौचालय चालेल का, असे प्रश्न डॉक्टरांना रोज ऐकावे लागतात आणि उत्तर बहुधा ‘टाळा’ असंच असतं. मी सायकलचं विचारलं तेव्हा माझे डॉक्टर हसून म्हणाले, ‘चालवा की. घरातली.’ रस्त्यावरच्या सायकलीचा रकानाच त्यांच्या कागदावर नव्हता. माणूस चांगला आहे, हात त्याहून चांगला आहे, म्हणून वाद घातला नाही. टाके निघाल्यावर घातला.

वाद घालायला माझ्याकडे आधार होता. अमेरिकेत आणि जर्मनीत काही रुग्णांच्या कृत्रिम सांध्यातच ताण मोजणारी यंत्रणा बसवून संशोधकांनी मोजमापं घेतली आहेत. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार येतो, जॉगिंग करताना तिपटीहून अधिक. स्थिर सायकल बेताच्या जोराने मारताना तो जेमतेम वजनाइतकाच असतो. गंमत म्हणजे गोल्फचा फटका मारताना पुढच्या पायाच्या गुडघ्यावर चौपटीहून जास्त भार पडतो, आणि गोल्फ खेळणाऱ्याला कुणी ‘आता या वयात कशाला’ म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. मला मात्र सोसायटीच्या लिफ्टमध्ये रोज एक जण तरी भेटतो.

शिरवळला, खडकवासल्याला, सिंहगडाच्या पायथ्याशी भेटणारे माझे सायकलमित्र ‘आता पुरे’ कधी म्हणत नाहीत. त्यांची अडचण वेगळी आहे, आणि ती मला लिफ्टवाल्यांपेक्षा जास्त खुपते. गुडघा बदलला हे त्यांना मान्य आहे, कौतुकही आहे. हाडं घासून त्यावर कोबाल्ट-क्रोमियमची टोपी चढवली, खाली धातूची तबकडी, मध्ये प्लॅस्टिकची गादी, यातलं काहीही त्यांना लाजिरवाणं वाटत नाही. पण सायकलीची क्रँक आखूड केली म्हटलं की तोंडं वाकडी होतात. ‘अगं, पॉवर जाईल.’ ई-बाईकचं नाव काढलं तर ‘मग स्कूटरच घे ना.’ घाटात उतरून चालणं तर बोलायचंच नाही. मांडीच्या हाडाला नवं टोक चालतं, पायडलच्या दांडीला नवी लांबी चालत नाही. हा कुठला न्याय?

क्रँकची गोष्ट जरा सावकाश सांगते, कारण परतीचा खरा रस्ता तिथून जातो. बाजारात मोठ्यांच्या बहुतेक सायकलींना एकशे सत्तर मिलिमीटरच्या आसपासची क्रँक येते, मग बसणारी पाच फुटी असो की सहा फुटी. ती दहा मिलिमीटरने आखूड केली की खालचा बिंदू दहाने वर येतो, म्हणून सीट तेवढीच उंच करायची. पण वरचा बिंदू दहाने खाली गेलेला असतोच. सीट वर, पायडल खाली, मिळून वरच्या टोकाला गुडघ्याला वीस मिलिमीटर मोकळे मिळतात. महिनोन्‌महिने टॉवेल ओढून, दात खाऊन जे चार-पाच अंश मिळवायचे, त्यातले काही एका पान्याने मिळतात. जोर थोडा कमी लागू होतो, हे खरं. मग हलका गिअर लावायचा आणि पाय भरभर फिरवायचे. नव्या गुडघ्याला तेच हवं असतं.

एका मोठ्या दुकानात मी आखूड क्रँक मागितली तर मुलगा म्हणाला, ‘लेडीजसाठी वेगळी येत नाही मॅडम.’ मी लेडीज म्हटलंच नव्हतं. शेवटी पेठेतल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेले. त्याने माझा पाय पाहिला, सायकल पाहिली, आतून लहान मुलांच्या सायकलीची एकशे बावन्न मिलिमीटरची क्रँक काढली, फडक्याने पुसली आणि माझ्या जुन्या सायकलीच्या चौकोनी दांड्यावर बसवून दाखवली. पुढे बत्तीस दात्यांचं एकच चेनव्हील. जुनी क्रँक वर्तमानपत्रात गुंडाळून हातात देत म्हणाला, ‘ठेवा ताई, लागली तर.’ रुग्णालयाने माझा जुना गुडघा परत दिला नव्हता, ही मात्र आता धान्याच्या डब्यांमागे आहे.

पैशाचंही बोलू. २०१७च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा सर्वाधिक वापरातल्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत कर सोडून ५४,७२० रुपये ठरली. त्याआधी तोच सरासरी दीड लाखाच्या वर विकला जात होता. रुग्णालयाचा खर्च अर्थात वेगळा. माझ्या ओळखीत तीनशे ग्रॅम वजन कमी करायला याहून अधिक पैसे चाकांवर घालणारे आहेत. तेच लोक साडेतीन हजारांच्या क्रँकला ‘नको तो खर्च’ म्हणतात.

आणि उलट टोकाचंही सांगते, नाहीतर लिफ्टवाले म्हणतील बाई एकांगी लिहिते. ‘सहा महिन्यांत दोनशे किलोमीटर’ छापाचे व्हॉट्सॲप निरोप मला शस्त्रक्रियेआधी भरपूर आले. कृपा करून पुढे पाठवू नका. पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निम्म्याहून कमी होते. माझी डावी मांडी उजवीपेक्षा तीन सेंटीमीटरने बारीक झाली होती आणि ती भरायला वर्ष लागलं. गुडघा संध्याकाळी गरम व्हायचा, व्रणाच्या बाहेरच्या बाजूची कातडी अजूनही बधिर आहे. शिवाय धातू आणि प्लॅस्टिक दुखत नाहीत, त्यामुळे सांध्याला किती झालं हे सांध्याकडून कळत नाही, दुसऱ्या दिवशीच्या सुजेवरून ताडावं लागतं. मी बुटांच्या क्लीटही सोडल्या. पाय सोडवायला टाच बाहेर फिरवावी लागते. सिग्नलला ती अर्धा क्षण अडली तर आडवं व्हायचं, आणि कृत्रिम सांध्याच्या कडेला हाड मोडलं तर दुरुस्ती पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा किचकट. साधी रुंद पायडलं लावली. दिसायला दूधवाल्याची वाटतात. वाटू देत.

माझ्या सासूबाईंनी गुडघा बदलायला ठाम नकार दिला होता. २००० सालच्या ऑक्टोबरमध्ये ब्रीच कँडीत वाजपेयींचा डावा गुडघा बदलला, पुढच्या जूनमध्ये उजवा. करणारे डॉ. चित्तरंजन राणावत. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ज्या चमूने आजच्या सांध्यांचा पूर्वज घडवला, त्यात ते स्वतः होते. हे सगळं पेपरात आलं होतं, सासूबाईंनी वाचलंही होतं. ‘पंतप्रधानांना संसदेत जायचंय, मला कुठे जायचंय?’ असं म्हणून त्या खुर्चीत बसल्या आणि पुढची अकरा वर्षं बसूनच राहिल्या. मला कुठे जायचंय हे मला ठाऊक होतं, एवढाच आमच्यात फरक.

तर शिरवळ. गेल्या रविवारी पहाटे सव्वापाचला निघाले. जाताना कात्रजचा जुना घाट चढून बोगदा, मग शिंदेवाडीपर्यंत उतार, खेड शिवापूर, कापूरहोळ, नीरेचा पूल. पूल ओलांडला की सातारा जिल्हा आणि चहा. जाऊन-येऊन शंभर. चौदा महिन्यांतले पहिले शंभर. थंडी इतकी की नवा गुडघा आतून गार वाटत होता. हे शास्त्रात बसतं का ते विचारायचं राहिलं.

परतताना शिंदेवाडीच्या बाजूने घाट चढताना दोनदा उतरले आणि सायकल हातात धरून चालले. दुसऱ्या वेळी एक विशीतला मुलगा थांबला. ‘काकू, पंक्चर?’

‘नाही रे. घाट.’

त्याला काय बोलावं सुचेना. ‘पाणी आहे ना?’ एवढं विचारून तो उभ्याने पायडल मारत वळणाआड गेला. पूर्वी अशा वेळी मी खोटं बोललेली आहे. चेन उतरली, फोन आला, काहीही.

ई-बाईकचं मात्र माझं ठरलेलं नाही. दोनशे किलोमीटरच्या बीआरएममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत, मोटर चालत नाही, साडेतेरा तास विशीला तेवढेच आणि साठीला तेवढेच, आणि तो नियम तसाच राहावा असं मला वाटतं. मोजणी सगळ्यांना सारखी हवी. पण रविवार म्हणजे बीआरएम नव्हे. ज्या मैत्रिणी गुडघ्यांपायी दहा वर्षांपूर्वी सुटल्या, त्यातल्या दोघी मोटरच्या आधाराने खडकवासल्यापर्यंत येणार असतील तर मी त्यांच्यामागे हळू चालवीन.

फेब्रुवारीतल्या दोनशेला नाव दिलं आहे. सोमवारी तपासणीला गेले तर डॉक्टरांनी उजव्या गुडघ्याचा एक्स-रे काचेवर लावला. हाडाला हाड टेकलेलं होतं.

‘हा कधी करायचा?’

‘होळीनंतर.’

‘तोवर दुखणं काढाल?’

‘चालताना दुखतो,’ मी म्हटलं, ‘सायकलवर नाही.’

त्यांनी कागदावर मार्च लिहिलं आणि पुढे विचारलं, ‘ती क्रँक किती मिलिमीटरची म्हणालात?’