‘विमान दिसते आहे’ : तीन शब्दांमागची जबाबदारी

विशेष प्रतिनिधी

अकोले – नोव्हेंबर २०१९ मध्ये शिर्डी विमानतळावरील उड्डाणे कमी दृश्यमानतेमुळे अनेक दिवस रद्द झाली. पाऊस नाही, वादळ नाही, तरी विमान का येत नाही, हे अकोले-संगमनेरकडील प्रवाशास उमगणे कठीण होते. कारण नियमात होते. शिर्डीत तेव्हा विमाने दृश्य उड्डाणाच्या नियमांनुसार, म्हणजे वैमानिकाच्या नजरेच्या भरवशावर उतरत आणि त्यासाठी किमान पाच किलोमीटरवरचे दिसणे आवश्यक असते.

हा आग्रह का, ते नियंत्रकाच्या भाषेवरून कळते. ‘क्लिअर्ड व्हिज्युअल अ‍ॅप्रोच’ हे शब्द उच्चारले, की डोंगर चुकविण्याचे काम वैमानिकाकडे जाते. ‘मेन्टेन ओन सेपरेशन’ म्हटले, की दुसऱ्या विमानापासून अंतर राखण्याचेही. परवानगी वाटणारे हे वाक्य प्रत्यक्षात जबाबदारीचे हस्तांतर असते. म्हणूनच अशी परवानगी वैमानिकाने परत म्हणून दाखवायची असते. नुसते ‘रॉजर’ चालत नाही. त्याचा अर्थ ‘ऐकले’ एवढाच, ‘करतो’ असा नव्हे!

डोळ्यांना काही दिसत नसताना उंची सोडण्याचे परिणाम या परिसराने पाहिले आहेत. कळसूबाईचा ५४०० फुटी माथा अकोले तालुक्यातलाच. शेजारच्या जुन्नर तालुक्यातही सह्याद्रीच्या याच रांगा आहेत. ७ जुलै १९६२ च्या रात्री अलितालियाचे मुंबईकडे निघालेले डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर सुमारे ३६०० फुटांवर आदळले. विमानातील सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. मुंबई जवळ आली, या चुकीच्या समजुतीने विमान वेळेआधीच खाली आणले गेले, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

‘दिसते आहे’ हा शब्दही फसवा ठरतो. २५ सप्टेंबर १९७८ रोजी सॅन दिएगो येथे बोइंग-७२७ च्या वैमानिकांनी समोरचे छोटे सेसना विमान दिसल्याचे कळविले. नंतर ते नजरेआड झाले; परंतु ही गोष्ट नियंत्रकास स्पष्टपणे सांगितली गेली नाही. त्या टकरीत १४४ बळी गेले. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टन येथे रात्रीच्या वेळी लष्करी हेलिकॉप्टरने प्रवासी विमान दिसत असल्याचे कळवून स्वतः अंतर राखण्याची परवानगी मागितली. ती तत्काळ मिळाली. पाठोपाठ झालेल्या टकरीत ६७ जण दगावले. शब्दयोजना नियमांत बसणारी होती. अंधारात दिसलेला दिवा नेमका कोणत्या विमानाचा, हे मात्र त्या शब्दांतून नियंत्रकास कळण्याजोगे नव्हते.