दुकानाची काच

पत्र एका ताईंचे आहे. गावात एस.टी. थांब्यासमोर त्यांचे लहानसे दुकान. शिलाईचे यंत्र, बांगड्या, दोरे, थोड्या शाळेच्या वह्या. शेत कोरडवाहू, तेव्हा घरच्या मीठ-मिरचीचा खर्च या दुकानावर चालतो. वर्षात दर्शनी काच दोनदा फुटली. आता दीर म्हणतात, “वहिनी, विटा लावून बुजवून टाकू, कटकट मिटेल.” काच ठेवून, फार पैसा न घालता काही करता येईल का, असे ताई विचारतात.

येईल. ताई, बुजवू मात्र नका. त्या काचेतून यंत्रावर उजेड पडतो आणि एस.टी.ची वाट बघणारी बाई तिथूनच बांगड्या बघते. भिंत घातलीत तर भर दुपारी दिवा लावून शिवावे लागेल.

आधी काच कशाने फुटते ते बघावे. यात मी स्वतः फसलो आहे. आमच्या दुकानाला मी हौसेने पाच फूट रुंद, चार फूट उंच अशी एकसंध काच बसवली. पहिल्याच पावसाळ्यात ती तडकली. समोर मुले विटीदांडू खेळत. मी त्यांना इतका बोललो की आठ दिवस पोरे दुकानापुढून जाईनात. मग सुतारकाका आले. काच बघून म्हणाले, “अरे, दगड लागला तर लागल्या जागेपासून चहूकडे चिरा जातात. ही चीर कोपऱ्यातून निघाली आहे. पोरांचा काय दोष?” चौकटीचे लाकूड पावसाने फुगले होते आणि काच खाचेत घट्ट ठोकलेली. पोरांना बोलावून लिमलेटच्या गोळ्या वाटल्या, पण बोललेले परत घेता आले नाही.

तेव्हा काच खाचेपेक्षा लांबी-रुंदीत एकेक सूत कमी कापून घ्यावी. खाचेत आधी लांबी पसरावी, तिच्यावर काच अलगद टेकवावी, मग बाहेरून लाकडी पट्टी मारावी. खडूची भुकटी आणि जवसाचे उकळलेले तेल कणकेसारखे मळले की लांबी घरीच होते. ती वाळल्यावर तिच्यावर ऑइलपेंटचा हात द्यावा. नाहीतर उन्हाने ती तडकते, फटीतून पाणी शिरते आणि चौकट कुजते. चौकटीला वाळवी आहे का हे सळई टोचून आधीच बघा. पोकळ लाकडात नवी काच म्हणजे पैसे पाण्यात.

दुसरे, एकच मोठी काच लावू नका. पाच बाय चारची जागा उभ्या दोन आणि आडव्या एका पट्टीने सहा घरांत वाटली, तर एकेक काच सुमारे २० इंच रुंद आणि २४ इंच उंच होते. एक फुटली तर सहावा हिस्साच गेला. तेवढी काच सायकलवरूनही आणता येते. शिवाय त्याच जाडीची लहान काच वाऱ्याला अधिक टिकते. शोभा थोडी कमी होते, हे खरे.

रस्त्यालगत दुकान असेल तर गाडीच्या चाकाखालची खडी उडून येते. त्याला अर्धा इंची वेल्डची जाळी चांगली. पण ती काचेला चिकटवून लावू नये, चार बोटे पुढे ठेवावी. नाहीतर चेंडू बसला की जाळीच आत दबून काच फोडते. जाळी आकड्यांवर टांगलेली असावी, म्हणजे काच पुसता येते.

रात्रीसाठी जुन्या पेठांतली दुकाने आठवा. उंबऱ्याच्या आणि वरच्या तुळईच्या खाचेत उभ्या फळ्या सरकवीत, चुकू नये म्हणून त्यांवर आकडे घातलेले असत. ती रीत आजही स्वस्त आहे. फळ्या नसतील तर गोठ्यावरून उतरलेला पत्रा लाकडी चौकटीवर मारून झडप करावी आणि आतून कडी घालावी. मात्र पत्रा पक्का बांधलेला हवा. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात रायगडच्या किनाऱ्यावर घरांचे पत्रे कसे उडाले, हे पुष्कळांनी पाहिले आहे. सुटलेला पत्रा फुटक्या काचेपेक्षा वाईट.

काचेवर कागदाच्या किंवा चिकटपट्टीच्या फुल्या मारल्याने ती मजबूत होत नाही. जाड पारदर्शक फिल्म आतून लावली तर काच फुटायची थांबत नाही, पण तुकडे सांडत नाहीत. आणि उन्हात असलेल्या काचेला आतून मोठा काळपट कागद चिकटवू नका. मधला भाग तापतो, चौकटीतली कड थंड राहते आणि दगड न लागताच चीर पडते. कडक केलेली काच फुटली तरी बारीक बोथट दाणे होतात, म्हणून ती चांगली. पण ती महाग, आणि एकदा तयार झाली की कापता येत नाही. माप चुकले की संपले. तुमच्या दुकानाला तिची गरज नाही. त्यापेक्षा खालचे दीड फूट काचेऐवजी फळीचे करा. तिथल्या मालाकडे कोणी बघत नाही, आणि रांगती पोरे तिथेच हात मारतात.

आता फुटलेल्या काचेबद्दल. तुकडे केरासोबत उकिरड्यावर टाकू नका. तेच खतातून शेतात जातात, आणि पुढच्या वर्षी खुरपणाऱ्या बाईच्या पायात नाहीतर बैलाच्या खुरात निघतात. मोठे तुकडे जाड गोणपाट हातात धरून उचलावे, बारीक कण ओल्या कागदाने टिपावे, पायांत वहाणा असाव्यात. सगळे झाकणाच्या डब्यात भरून भंगारवाल्याला सांगून द्यावे.

ताई, सगळे एकदम जमणार नाही. आत्ता चौकट आणि लहान काचा करून घ्या. झडप सुगीनंतर झाली तरी चालेल. तोवर रात्री जाड गोणपाट दुहेरी करून बाहेरून बांधा.