‘जोशी’चा कर्ता जोशीच?

१९९०मध्ये भारतात सापडलेला ‘जोशी’ हा संगणक-विषाणू ५ जानेवारीला यंत्र अडवून धरी; ‘हॅपी बर्थडे जोशी’ टंकल्याशिवाय सोडत नसे. नाव आले ते या संदेशातून. तेवढ्यावरून कर्ता कुणी मराठी जोशीच, असा तर्क डोंबिवलीत सहज सुचेल. पण तो निराधार आहे. जोशी कुमाऊंतही असतात. आणि शुभेच्छा ज्याला, तोच कर्ता कशावरून? ‘मायकेलँजेलो’ विषाणूच्या संहितेत तर ते नावच नव्हते. तो ६ मार्चला, त्या शिल्पकाराच्या जन्मदिनी, जागा होई, एवढ्यावरून संशोधकांनी ते दिले. १९९१मध्ये तज्ज्ञांनी संकेत ठरवला : कर्तृत्व सिद्ध झाल्याखेरीज हयात व्यक्तीचे नाव विषाणूला देऊ नये. तंत्रज्ञांनी पाळलेला हा विवेक, कवितेतल्या ‘मी’ला सरसकट कवीच ठरवणाऱ्या आपल्या समीक्षेला केव्हा सुचणार?